पिठीवरचा माग

या, जरा जवळ येऊन बसा. आणि ते बोटानं भरभर वर सरकवणं आधी बंद करा. तुम्हा लोकांची खोड मला ठाऊक आहे — अर्धं वाचायचं, शेवटाकडे उडी मारायची आणि खाली लिहायचं, ‘काकू, पुढे काय झालं?’ अहो, पुढे काय झालं ते मधेच लिहिलेलं असतं. सावकाश वाचा. हे टाइप करायला मला चार दुपारी लागल्यात.

माझा असल्या गोष्टींवर विश्वास नव्हता, हे आधीच सांगते. शाळा सातवीपर्यंत, पण हाताला येईल तो कागद वाचायची सवय, त्यामुळे कुणी काही सांगितलं की मी पहिलं विचारायची — तू स्वतः पाहिलंस का? बहुतेक कुणी पाहिलेलं नसायचं. आमचे हे गेले तेव्हा बायका म्हणाल्या, स्वप्नात येतील हो. सहा वर्षं झाली, एकदाही आले नाहीत. तेव्हा मी ठरवून टाकलं की जे असतं ते असतं, नसतं ते नसतं. या पानावर तुमचे अनुभव वाचून मी हसलेली आहे, खोटं कशाला बोलू. आता तुम्ही हसा.

मी राहते उत्तर चेन्नईत, तिरुवोट्टियूरला. हे रेल्वेत होते, निवृत्तीनंतर इथेच तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्यांचं घर घेतलं. मागच्या खोलीत माझी भाची केतकी राहते. माझ्या धाकट्या बहिणीची मुलगी, नाशिकची. वय एकतीस, गुम्मिडिपूंडीला गाड्यांचे भाग बनवणाऱ्या कारखान्यात इंजिनिअर. सकाळी लोकलनं जाते, संध्याकाळी येते. बहिणीनं तिला माझ्या हवाली केली तेव्हा एवढंच म्हणाली होती, “ताई, माझी एकच आहे गं.” ते वाक्य माझ्या छातीत कायम टोचत असतं.

तर या केतकीला वेड लागलं स्कीचं. ते पायाला लांब फळ्या बांधून बर्फावरून घसरतात ना, ते. पण हिला नुसतं घसरायचं नव्हतं. रोपवेच्या पाळण्यानं वर जाऊन खाली घसरणं म्हणे सगळेच करतात. हिला त्याच फळ्या पायाला लावून डोंगर चढायचा, माणूस नाही, रस्ता नाही अशा ठिकाणी, आणि मग उतरायचा. फळ्यांच्या तळाला एक केसाळ पट्टी चिकटवतात, म्हणजे चढताना मागे घसरत नाही. हिमाचलात एक आठवड्याचा कॅम्प होता — एक दिवस नुसती दमाची कसरत, एक दिवस स्कीवर डोंगर, परत कसरत, परत डोंगर. सहा जण आणि एक गाईड.

आता चेन्नईत बर्फाची तयारी कशी करायची? आठ महिने ती आमचा जिना चढली-उतरली. पाठीवर पिशवी, पिशवीत पाण्याच्या बाटल्या. वर गेलं की पाणी गच्चीतल्या कुंड्यांत ओतायचं, म्हणजे उतरताना गुडघ्यांवर भार नको. दिवसाला चाळीस फेऱ्या. माझी दोन जास्वंदं त्या पाण्यानं कुजून मेली. रविवारी एन्नोरच्या अंगाला समुद्रावर जायची आणि वाळूत फळ्या घालून चालायची. मी सोबतीला, थर्मास घेऊन. कोळी लोक जाळी विणायचं थांबवून बघत बसायचे. एकानं मला विचारलं, “अम्मा, वल्ही आणलीत, नाव कुठे विसरलात?”

तिथेच मी तिचा माग पहिल्यांदा पाहिला. वाळूत दोन समांतर रेघा, दोन्ही बाजूंना काठ्यांचे गोल ठिपके, आणि वळणाशी पंख्यासारखी एक खूण — वळताना एक पाय उचलून उलटा ठेवावा लागतो, त्याची; त्याला ती किक टर्न म्हणते. “मावशी, हा माग बघितला की कळतं माणूस दमलाय की नाही,” ती म्हणाली होती. तिच्या डाव्या काठीचा ठिपका उजवीपेक्षा नेहमी खोल पडायचा. लहानपणी डावा हात मोडला होता, त्या हाताला ती उगाचच जास्त जोर देते.

मार्चच्या सुरुवातीला, रविवारी ती गेली. हातावर दही दिलं, “फोन कर,” म्हटलं, झालं.

घर रिकामं झालं की माझ्या हाताला काम लागतं. सोमवारी मी तांदूळ धुऊन, सावलीत सुकवून, ओलसर असतानाच गिरणीतून दळून आणले. पिठी करायची होती, केतकी आली की मोदकांना. ओल्या तांदळाची पिठी दोन-तीन दिवस पसरून वाळवावी लागते. गच्चीवर घालायची सोय नाही, कारण एन्नोरकडचं वारं आलं की विजेच्या कारखान्यांची काळी पूड सगळ्यावर बसते. म्हणून मी नेहमी मागच्या खोलीत फरशीवर यांची जुनी पांढरी वेष्टी, म्हणजे इकडचं धोतर, अंथरते, वर पिठी पसरते, खिडकी बंद, पंखा बंद. सकाळ-संध्याकाळ तळहात फिरवून वरखाली करायची आणि पुन्हा सारखी करायची. हे मी तीस वर्षं करतेय.

मंगळवारी साडेअकराला खोलीत गेले, तर पिठीवर रेघा. वेष्टीच्या एका काठापासून मधोमध वर चढत गेलेल्या दोन बारीक समांतर रेघा. नागमोडी. पाल फिरली असेल म्हटलं. झुरळ असेल. खाली वाकून पाहिलं... दोन्ही बाजूंना टाचणीच्या डोक्याएवढे ठिपके होते. वळणाशी पंख्यासारखी खूण. मी मोजली, सात वळणं. चार वाजता हात फिरवून पिठी सारखी केली आणि चहा टाकला.

संध्याकाळी केतकीचा फोन. आनंदानं नुसती फुटत होती.

“मावशी, आज पहिला चढ केला. पाय थरथरत होते, पण मी सगळ्यांत पुढे. सात किक टर्न घेतले, सातही नीट.”

“किती?”

“सात. का गं?”

“काही नाही. जेवलीस का?”

योगायोग असतो हो. सात हा काय मोठा आकडा आहे? बुधवारी त्यांचा नुसता कसरतीचा दिवस, पाठीवर वजन घेऊन गावच्या रस्त्यानं वर-खाली. बुधवारी पिठी कोरी. मी पाच वेळा जाऊन बघितली. प्रत्येक वेळी सुटल्यासारखं वाटलं, आणि प्रत्येक वेळी आपण बघायला का जातोय, याची लाज.

गुरुवारी साडेदहाला मी रक्तदाबाची गोळी घेतली — ती वेळ मी चुकवत नाही — आणि मागच्या खोलीत गेले. माग होता. या वेळी एक नाही, एकामागोमाग बरेच, एकमेकांत मिसळलेले. पण सगळ्यांत पुढचा जो होता त्याचा डावा ठिपका खोल होता.

आणि मग मी काय केलं ते सांगते, कारण तेच सांगायला बसले आहे. मी तळहात टेकवला आणि वरपासून खालपर्यंत एका झटक्यात सगळं पुसून टाकलं. नेहमी जसा फिरवते तसाच हात. घाबरल्यावर डाग दिसला की तो पुसायचा, एवढंच माझ्या हाताला कळतं. पिठी गुळगुळीत झाली. मी हात झटकले, दार ओढून घेतलं आणि मोठ्यानं रेडिओ लावला.

फोन आला संध्याकाळी सातला. तिचा आवाज ओळखू येईना.

“मावशी, आईला सांगू नकोस. मी ठीक आहे. आज बर्फ सुटला.”

“म्हणजे?”

“आम्ही चढत होतो. पावणेअकरा झाले असतील. वरून थर निसटला. आवाजसुद्धा झाला नाही गं... कुणी वरून हात फिरवावा तसं सगळं एकदम गुळगुळीत झालं. आमचा मागचा ट्रॅकच नाहीसा झाला. शेवटी एक बंगळूरची बाई होती, ती कमरेपर्यंत गाडली गेली. बाहेर काढली आम्ही. पाय मोडलाय तिचा, दोन ठिकाणी.”

मी माझा उजवा तळहात उलटा करून बघितला.

“तू परत ये.”

“असं कसं? गाईडनं सगळं तपासलंय. शनिवारचा डोंगर वेगळ्या अंगाचा आहे, सुरक्षित आहे.”

“केतकी, मी सांगते म्हणून ये.”

“आठ महिने तू माझ्या बाटल्या भरून दिल्यास, आणि आता परत ये? तुला स्वप्न पडलं का काही? तूच म्हणतेस ना, स्वप्नाला काय अर्थ असतो.”

सांगायला हवं होतं का? मी त्या रात्रीपासून हेच स्वतःला विचारतेय. पण काय सांगणार होते — माझ्या पिठीवर तू चालतेस, आणि मी तुझ्यावरून हात फिरवला? तिनं ऐकलं नसतं. आणि ऐकून, मनात भीती घेऊन चढली असती तर? भ्यालेला पाय कसा पडतो ते मला माहीत आहे. म्हणून गप्प बसले. ही माझी दुसरी चूक असेल, देव जाणे.

शुक्रवार कसरतीचा. पिठी कोरी. ती उचलून टाकावी असं शंभरदा वाटलं, पण हात लावायची हिंमतच होईना. उचलली आणि तिकडे डोंगर उचलला गेला तर? पंख्याच्या बटणावर मी चिकटपट्टी लावली. खिडकीच्या फटीत जुने कपडे कोंबले.

शनिवारी सकाळी सातपासून खुर्ची टाकून बसले. सव्वाआठला माग सुरू झाला. कसा उमटतो ते मला शेवटपर्यंत दिसलं नाही. मी टक लावून बघत असले की काहीच होत नसे. डोळ्यातलं पाणी पुसलं, घड्याळाकडे बघितलं, की परत बघेपर्यंत माग दोन बोटं वर गेलेला. सहा माग होते. पुढे डावा खोल ठिपका.

साडेनऊला दूध ओतू गेल्याचा वास आला. मी स्वयंपाकघरात धावले, गॅस बंद केला, आणि तेवढ्यात सेल्वी आली. सेल्वी आमच्याकडे बारा वर्षं काम करते, मागच्या कोळीवाड्यातली. तिची सवय म्हणजे खोलीत शिरली की आधी पंखा. मी तिला सांगितलंच नव्हतं. चिकटपट्टी म्हणजे तिला वाटलं बटण तुटलंय, तिनं ती सोलली.

खट् असा आवाज आला. मी कशी पोचले मला आठवत नाही. पातं एकदाच हळूच फिरलं होतं. मी बटण बंद केलं आणि सेल्वीला इतकं ओरडले की तिच्या हातातली बादली सांडली.

“अम्मा, पंखाच लावला ना मी, घर नाही पेटवलं,” ती म्हणाली. मग तिची नजर खाली गेली. “इदु एन्न, अम्मा? हे काय?”

मी तमिळमध्ये, मराठीत, जे तोंडाला आलं त्यात सगळं सांगितलं. ती हसेल असं वाटलं. ती हसली नाही. भिंतीला टेकून बसली आणि म्हणाली, “माझा माणूस समुद्रावर असतो तेव्हा मी पण अशीच बसते. फक्त मला काही दिसत नाही.” आणि थोड्या वेळानं, अगदी हळू, “अम्मा, वर बघा. तिथे.”

मागाच्या वर, चार बोटं अंतरावर, पिठीत एक भेग पडली होती. केसाएवढी. वेष्टीच्या या काठापासून त्या काठापर्यंत आडवी. पंख्याच्या वाऱ्यानं म्हणा... पण वाऱ्यानं पीठ उडतं, चिरत नाही.

फोन लावला. लागला नाही. पुन्हा लावला. डोंगरावर कुठलं नेटवर्क? तो पुढचा खोल ठिपका भेगेकडेच चालला होता.

मी फरशीवर पालथी झाले. या वयात, गुडघ्यांची ही अवस्था असताना. उजवा हात पुढे केला, बोटं पसरली आणि भेगेच्या बरोबर खाली, मागाच्या वर, पिठीवर टेकवून दाबून धरली. पुसायचं नाही. हलवायचं नाही. नुसतं धरायचं. श्वाससुद्धा मी मान वळवून दुसरीकडे सोडत होते. खोली बंद, मार्चचा उकाडा, घाम डोळ्यांत जातोय, आणि सेल्वी पदरानं माझं कपाळ टिपतेय, तेही जपून.

आणि मग हात गार पडायला लागला.

बधिर नाही हो, गार. आधी बोटांची टोकं, मग पेरं. बर्फाच्या पेटीत घालावा तसा. तळहाताखाली काहीतरी जड होतं, आणि ते खाली यायला बघत होतं. मला ते ढकलत होतं. एवढ्याशा पिठीला, दोन किलो तांदळाच्या, इतका भार कुठून आला? मी दातावर दात दाबले. सेल्वी पुटपुटत होती, कुठल्या देवाचं नाव घेत होती कळलं नाही. मी कुणाचंच घेतलं नाही. माझ्या डोक्यात फक्त बहिणीचं ते वाक्य.

किती वेळ गेला... सेल्वी म्हणते अर्धा तास. मध्ये एकदा मी म्हटलं, “आता नाही होत गं.” तर ती म्हणाली, “होत नाही म्हणू नका, अम्मा. मला त्यात हात घालता येत नाही. पोरगी तुमची आहे.”

मग तीच ओरडली, “तिरुम्बिट्टांग! वळले, अम्मा, वळले.”

पंख्यासारखी खूण. माझ्या करंगळीपासून पेरभर अंतरावर. तिथून सगळे माग खाली निघाले होते, आणि उतरणीच्या त्या लांब, बाकदार रेघा वेष्टीच्या काठाबाहेर गेल्या. त्या पार बाहेर गेल्याची सेल्वीनं दोनदा खात्री करून दिली, तेव्हा मी हात उचलला. वरची पिठी भसकन खाली आली. वेष्टीभर. आवाज नाही काही नाही.

संध्याकाळी केतकीचा फोन, रुसलेला.

“दोनशे मीटर राहिले होते, मावशी. फक्त दोनशे. गाईडनं परत फिरवलं.”

“का?”

“वर भेग दिसली. तरी तो म्हणत होता, बाजूनं जाता येईल. पण भेगेखाली बर्फात खोलगट रेघा होत्या. लांबच्या लांब, पाच. दबलेल्या. तो म्हणाला, वाऱ्याच्या नाहीत, जनावराच्या नाहीत. मी वीस वर्षांत असं बघितलेलं नाही, आणि जे मला कळत नाही त्याच्यावर मी माणसं नेत नाही. आम्ही खाली पोचलो आणि मागे सगळा उतार सुटला.”

मी म्हटलं, बरं केलं त्यानं.

केतकी घरी आली, तिला मी समोर उभी केली, गालावरून हात फिरवला — डावा — आणि मगच ती पिठी गोळा केली. सेल्वीनं नेऊन समुद्रात सोडली. केतकी विचारत होती, “चांगली पिठी का टाकतेस?” मी म्हटलं, आंबली. तिला अजून काही माहीत नाही. ती मराठी वाचायचा कंटाळा करते, म्हणून इथे लिहायचं धाडस केलंय.

माझ्या उजव्या हाताची दोन बोटं टोकाशी पांढरी पडलीत, त्यांना अजून संवेदना नाही. इथल्या डॉक्टरांनी उलटसुलट करून पाहिली. म्हणाले, “आजी, बर्फात काम करता का?” मग स्वतःच म्हणाले, हात फार वेळ दाबला गेला की नस दबते. असेल. तुम्हीही खाली लिहाल — पाल असेल, ओलसर पिठीला भेगा पडतातच, बाई घाबरली होती. मीही स्वतःला तेच सांगते. पण सहा जणांचा माग पालीला कसा काढता येईल, हे कुणीतरी मला समजावून सांगा. आणि गुरुवारी तो हात मी फिरवला नसता तर त्या बंगळूरच्या बाईचा पाय शाबूत राहिला असता का, हेही सांगा. केतकीकडून कळलं, ती आता काठी घेऊन चालते. मी तिला डिंकाचे लाडू पाठवले, ‘केतकीची मावशी’ एवढंच लिहून. माफी मागायची तर कशाची म्हणून मागू?

नऊ महिने झाले. मला काहीही उलगडलेलं नाही.

आणि केतकीनं परवा सांगितलं, येत्या फेब्रुवारीत ती पुन्हा जातेय. तेच आठवड्याचं गणित, एक दिवस कसरत, एक दिवस डोंगर. रोज संध्याकाळी जिन्यावर तिची पावलं वाजतात आणि मी इकडे मोजत बसते. पिठी पसरू की नको? पसरली तर मला ते सगळं पुन्हा बघावं लागेल. नाही पसरली आणि तिकडे भेग पडली, तर हात कुठे ठेवू? आणि यंदा या बोटांत तेवढा जोर आहे का, तेही मला माहीत नाही. सेल्वी मुलीच्या बाळंतपणाला गावी जायची आहे. तेव्हा तुमच्यापैकी ज्याला कुणाला जमेल त्यानं यावं. स्टेशनपासून दहा मिनिटं, तिसरा मजला. जेवायला मी करीन, झोपायला गादी आहे. नुसतं माझ्याजवळ बसायचं, आणि मी डोळे मिटले की तुम्ही बघायचं. ठरवू, बघू करत राहू नका. लवकर या.